व्याह्यांची गाडी

लक्ष्मीकांत शिरवळकरांच्या गाडीत बसायचं तर आधी शिकवणी घ्यावी लागे. पुढचं डावीकडचं दार उघडत नाही, त्याच्या नादी लागू नका. मागे बसा. मागची दारं आतून उघडत नाहीत, बाहेरून कोणीतरी उघडेल, घाई करू नका. रेडिओला हात लावू नका, तो स्वतःच्या मर्जीने वाजतो. एवढं सांगून झालं की लक्ष्मीकांत स्टिअरिंगमागे बसायचे, डोळे मिटायचे आणि चावी फिरवायचे. गाडी चालू झालीच तर मागे वळून म्हणायचे, "बघा, एका सेल्फमध्ये!"

आणि हे सांगताना त्यांचा चेहरा असा व्हायचा, जणू गाडी त्यांनीच बनवली आहे.

वास्तविक या माणसाला गाडीची हौस कधीच नव्हती. तुकोगंजातल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ते आयुष्यभर नकाशे काढत आले. आजोबा मिलमध्ये कारकून म्हणून इंदूरला आले, वडील शाळेत शिक्षक, आणि हे ड्राफ्ट्समन. तिन्ही पिढ्यांनी कोणाशी वाकडं घेतलं नाही आणि कोणाला उलटून विचारलं नाही. रामबागेत तीन खोल्यांचा फ्लॅट, खाली एक स्कूटर, बायको उषा आणि एकुलती एक मुलगी सुरभी. एवढ्यात त्यांचं सगळं मावत होतं. दाराशी उभी केली की शेजाऱ्याचं फाटक अडवणारी, सात माणसांची, पांढरी धिप्पाड एसयूव्ही त्यांनी मागितली नव्हती. ती त्यांच्या गळ्यात पडली, आणि पाडणारे त्यांचे व्याही होते.

व्याही म्हणजे पंढरीनाथ मुजुमदार. तुकोगंजात बंगला. त्यांचे पणजोबा दरबारात मोठ्या हुद्द्यावर होते, ही गोष्ट पाहुण्याच्या हातात पाण्याचा ग्लास येण्यापूर्वी त्याला कळलेली असे. अशा घरातून सुरभीला मागणी आली तेव्हा लक्ष्मीकांत आठवडाभर जमिनीवर नव्हते. उषाबाई म्हणाल्या होत्या, एकदा कुठून चौकशी करून घेऊ. त्यावर लक्ष्मीकांत खरोखरच चिडले. एवढ्या मोठ्या माणसांची चौकशी करणारे आपण कोण? सुरभीचं लग्न झालं, हृषीकेश जावई झाला, आणि चारेक महिन्यांनी मुजुमदारांनी नवी गाडी घेतली. जुनीचं काय करावं, याचं उत्तर त्यांना चहा पिता पिता सापडलं.

"बाहेर कुठे देऊ, लक्ष्मीकांतजी? घरची वस्तू घरात राहील. सुरभीला आणायला-न्यायला पण तुम्हाला बरी."

मुलीच्या सासऱ्यांशी भाव करायचा नसतो. त्यांनी सांगितलं ते लक्ष्मीकांतांनी मान्य केलं. घरी आल्यावर उषाबाईंनी हळूच विषय काढला.

"अहो, एकदा कोणा मेकॅनिकला दाखवून तर घ्या. बारा वर्षांची गाडी आहे."

"उषा, व्याह्यांच्या गाडीला मेकॅनिक लावायचा? उद्या म्हणतील, यांना आमच्यावर भरोसा नाही. आणि ऐकावं कोणाला लागेल? सुरभीला."

सुरभीचं नाव निघालं की त्या घरातलं कुठलंही भांडण तिथेच मिटायचं. तसं तेही मिटलं.

पहिल्याच आठवड्यात सकाळी गाडीने डोळे उघडले नाहीत. मालवा मिलजवळ जयेशचं गॅरेज होतं, तो येऊन बघून गेला. "अंकल, करंट कहीं लीक हो रिया है. रात भर बैटरी पी रही है गाड़ी." करंट कुठे गळतोय ते शोधता शोधता डायनामो गेला. डायनामो नीट होतो न होतो तोच रेडिएटर पाझरायला लागला. मग शॉकअप खडखडू लागले, पावसात उंदरांनी वायरिंग कुरतडलं, आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला तो कायमचाच. लक्ष्मीकांतांनी त्यावर काळी चिकटपट्टी लावली. पुढच्या डाव्या दाराच्या लॉकची मोटर बंद अवस्थेत जाम झाली. मागच्या दोन्ही दारांना लहान मुलांसाठीचं लॉक लावलेलं होतं, ते काढायला गेले तर खटकाच तुटून हातात आला. शेवटी चालकाच्या दाराचं आतलं हँडलही तुटलं. तेव्हापासून उतरायचं झालं की लक्ष्मीकांत काच खाली करत, हात बाहेर काढत आणि बाहेरच्या हँडलने स्वतःचं दार उघडत. त्यांना त्याची इतकी सवय झाली की एकदा ऑफिसच्या गाडीतूनही ते तसेच उतरले.

"बेच दो अंकल," जयेश दर वेळी म्हणायचा.

विकणार कशी? व्याह्यांनी प्रेमाने दिलेली गाडी विकली, हे मुजुमदारांच्या कानावर जाणार आणि त्याचे टोमणे सुरभीच्या वाट्याला येणार. खराब आहे म्हणावं तर त्यांनी खराब गाडी गळ्यात मारली असं म्हटल्यासारखं. म्हणून लक्ष्मीकांत काहीच म्हणत नसत. त्यांना राग येत नव्हता असं नाही. यायचा, आणि ऐन रस्त्यात गाडीला धक्का मारताना तर फार यायचा. पण तो राग गाडीवर काढून ते मोकळे होत.

दर रविवारी सकाळी, पोहे बशीत पडले रे पडले की, पंढरीनाथजींचा फोन यायचा.

"काय लक्ष्मीकांतजी, गाडी काय म्हणते?"

"एकदम बढिया!"

"सांभाळून वापरलीये हो आम्ही. घ्या, सुरभीशी बोला."

मग सुरभीचा आवाज यायचा. "कशी आहेस गं?" "एकदम मस्त, बाबा." "जेवण-खाण?" "हो, मस्त." बोलताना मागून कपबशीचा आवाज ऐकू यायचा, पंढरीनाथजींचं खाकरणं ऐकू यायचं. दोन मिनिटांत फोन संपायचा. ही तीच मुलगी, जी फिजिओथेरपीच्या क्लिनिकमधून घरी आली की चप्पल काढायच्या आधी दिवसभराच्या पेशंटांच्या नकला करून दाखवायची. "हिला एकटीला कधी फोन करता येत नाही का?" उषाबाई विचारायच्या. "बिझी असेल," लक्ष्मीकांत म्हणायचे आणि गार झालेले पोहे खायचे.

या वर्षी ज्येष्ठ अधिक आला. लग्नानंतरचा पहिला धोंड्याचा महिना. जावयाला घरी बोलावून जेवू घालायचं, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, हा उषाबाईंच्या मनातला मोठा कार्यक्रम. त्यांनी तांदूळ भिजवण्यापासून तळण्यापर्यंत सगळं स्वतः केलं. लक्ष्मीकांतांनी आपल्या परीने तयारी केली. मे महिन्याच्या उन्हात जावयाला घामाघूम कसं आणायचं? त्यांनी जयेशकडून एसी दुरुस्त करून घेतला. "चलाओ मगर थोड़ा देख के," जयेश म्हणाला. "डायनामो फिर कमज़ोर लग रिया है."

ठरल्या दिवशी गार एसी लावून लक्ष्मीकांत मुजुमदारांच्या फाटकाशी पोचले. तिथे ते इंजिन कधीच बंद करत नसत. परत चालू नाही झालं तर काय, या भीतीने गाडी घुरघुरत ठेवून ते उभ्या उभ्या चहा पीत. पण आज चहा नव्हता. विहीणबाई यशोधराबाई सुरभीला घेऊन बाहेर आल्या.

"हृषीकेशला टाइम नाहीये. तुम्ही हिलाच घेऊन जा. वाण पाठवा हिच्याबरोबर. आणि पाचच्या आत सोडा हं, आमच्याकडे मंडळी यायचीयत. आणि हो, येताना राजवाड्याच्या बाजारातून माझे ब्लाउज उचलून आणा, शिंप्याला सांगून ठेवलंय."

जावयासाठी मांडलेल्या पाटावर कोणी बसलं नाही. सुरभी आईच्या शेजारी बसून थोडंसं जेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली. जेवण झाल्यावर ती आपल्या जुन्या खोलीत गेली आणि तिने आतून कडी लावली. उषाबाईंना नवल वाटलं. ही पोर लहानपणापासून दार सताड उघडं टाकून झोपायची. चारला हाक मारली तेव्हा ती गाढ झोपेतून उठून आली. तिच्या गालावर उशीचे वळ उमटले होते. उषाबाईंनी अनारशांचा डबा तिच्या हातात दिला, तोंडावरून हात फिरवला आणि त्या आत निघून गेल्या.

राजवाड्याच्या मागच्या बाजूला लक्ष्मीकांत खाली उतरले, ब्लाउजची पिशवी घेतली आणि मागे बसलेल्या सुरभीकडे दिली. परतीच्या रस्त्यावर गर्दी तुंबली होती. ऑटो, हातगाड्या, दुचाक्या, सगळे एकमेकांच्या अंगावर. एसी चालू, काचा वर. लक्ष्मीकांतांना आरशात सुरभी दिसत होती. मांडीवर डबा, डब्यावर पिशवी. आपली मुलगी आज गारव्यात बसली आहे याचं त्यांना इतकं बरं वाटत होतं की इंजिनाच्या गरमीचा काटा कुठवर गेलाय हे त्यांनी पाहिलंच नाही. एसीचा वारा आधी मंद झाला, मग कोमट झाला. बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली. गाडीने एक आचका दिला. लक्ष्मीकांतांनी तिला उरल्यासुरल्या गतीने कडेला, एका बंद शटरपाशी नेलं आणि तिथे तिने मान टाकली.

त्यांनी चावी फिरवली. टक. पुन्हा फिरवली. आता टकसुद्धा नाही. सवयीने काच खाली करायला बटण दाबलं. काच हलली नाही. बॅटरीत जीव नव्हता. हॉर्न दाबला, तोही मुका.

लक्ष्मीकांतांचा हात बटणावरच राहिला. काच खाली आल्याशिवाय त्यांचं दार उघडणार नव्हतं. शेजारचं दार गेल्या वर्षापासून बंद होतं. मागची दोन्ही बाहेरूनच उघडायची. एकेक बिघाड त्यांनी सांभाळून घेतला होता, पण ते सगळे एका दिवशी एकत्र आले तर काय, हे त्यांच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

"काय झालं, बाबा?"

"काही नाही. थोडा रुक. जयेशला फोन करतो."

जयेश म्हणाला, आता निघतो, पण ट्रॅफिक आहे. दोनच मिनिटांत गाडीचं पत्र्याचं छप्पर तापून आत भट्टी झाली. काचेपलीकडे हातभर अंतरावरून माणसं जात होती. सुरभीने ओढणीने गळा पुसला.

"काच वाजवा ना, बाबा. कोणीतरी उघडेल."

"नको. गर्दी जमेल. एवढंसं तर शहर, कोणी ओळखीचा निघाला तर मुजुमदारांना जाऊन सांगेल. जयेश येतोच आहे."

तेवढ्यात फोन वाजला. पंढरीनाथजी.

"निघालात ना? पाच वाजत आले."

"हो हो, रस्त्यातच आहोत."

"गाडी काय म्हणते?"

घाम लक्ष्मीकांतांच्या भुवईवरून डोळ्यात उतरला. "एकदम बढिया!" ते म्हणाले.

फोन ठेवला तर मागून हसण्याचा आवाज आला. सुरभी पदरात तोंड घालून हसावं तशी ओढणीत हसत होती. लक्ष्मीकांतही ओशाळून हसले. मग ती थांबली.

"तुम्ही त्यांना अजून सांगितलंच नाही?"

"काय सांगणार? तू आहेस ना तिथे."

"म्हणजे दर रविवारी तुम्ही खोटं बोलता?"

"खोटं काय त्यात. चालतं."

"मी बाजूलाच बसलेली असते, बाबा. फोन स्पीकरवर असतो. तुम्ही बढिया म्हणता आणि ते माझ्याकडे बघून हसतात. मला वाटायचं, बाबा किती खुश आहेत या लोकांवर. मग मी काय सांगू तुम्हाला?"

लक्ष्मीकांत मागे वळले. "काय सांगायचं होतं?"

सुरभी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली. तिचा चेहरा लाल झाला होता आणि ओठ सुकले होते.

"माझ्या खोलीला आतून कडी नाहीये."

"तुटली?"

"काढली. लग्नानंतर दुसऱ्याच आठवड्यात. आई म्हणाल्या, आपल्या घरात कोणी कोणापासून दार लावत नाही. मी कपडे बदलत असते, त्या येतात. झोपलेली असते, येतात. कपाट उघडून बघतात. फोन दिवसभर खाली टेबलावर असतो. क्लिनिकला जायचं म्हटलं की म्हणतात, पुढच्या महिन्यात बघू."

"आणि हृषीकेश?"

"तो म्हणतो, अ‍ॅडजस्ट कर, सवय होते." तिने बोटाला गुंडाळलेला बंद सोडला. "आणि होते पण, बाबा. सवय होऊन राहिली आहे. याचीच मला भीती वाटते."

लक्ष्मीकांतांना दुपारची कडी आठवली. मग त्यांना आपण या गाडीत बसणाऱ्यांना देत आलेली शिकवणी आठवली. या दाराच्या नादी लागू नका, रेडिओला हात लावू नका, घाई करू नका, कोणीतरी बाहेरून उघडेल. गाडी मेकॅनिकला दाखवली नाही म्हणून दीड वर्ष ते स्वतःला हसत होते. पण त्याच्याही आधी त्यांनी मुलगी दिली होती, आणि तीही अशीच, न विचारता, न बघता, मान खाली घालून. बिघाड बोलून दाखवायचा नाही, कारण मुलगी तिथे आहे. आणि मुलगी बोलणार नाही, कारण बाप बढिया म्हणतोय.

"बाबा, मला गरगरतंय," सुरभी म्हणाली आणि तिने डोकं काचेला टेकवलं.

मग मात्र लक्ष्मीकांत शिरवळकर या माणसाने आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. त्यांनी दोन्ही मुठींनी काच बडवायला सुरुवात केली. "अरे खोलो! कोई खोलो!" ते ओरडले. लाज गेली, ओळखीचे गेले, मुजुमदार गेले. तळहात लाल होईपर्यंत ते बडवत राहिले. माणसं थबकली, वाकून आत बघू लागली. एक ऑटोवाला आपली ऑटो तिथेच सोडून धावत आला आणि त्याने लक्ष्मीकांतांचं दार ओढलं. चालताना आपोआप लागलेलं त्याचं लॉक बॅटरीअभावी तसंच अडकलं होतं; मागच्या दारांचं ते लॉक केव्हाच निकामी झालं होतं. लक्ष्मीकांतांनी हाताने मागची खूण केली. त्याने मागचं दार खेचलं, आणि ते अगदी सहज उघडलं.

"अरे अंकल, अंदर ही पक जाते आप लोग!"

त्याने सुरभीला हात देऊन बाहेर घेतलं, आपल्या ऑटोत बसवलं आणि पाण्याची बाटली दिली. लक्ष्मीकांत दोन सीटांच्या मधून, गुडघे आपटत, शर्ट अडकवून फाडत, मागून बाहेर आले. बाहेर मे महिन्याची इंदूरची हवा होती, धुळीची, तापलेली. त्यांनी ती तोंड उघडून घेतली.

फोन पुन्हा वाजला.

"अहो, मंडळी आलीसुद्धा. कुठे आहात?"

"गाडी बंद पडली, पंढरीनाथजी."

"बंद? आमच्याकडे इतकी वर्षं होती, एकदा बंद नाही पडली."

"आमच्याकडे पहिल्या आठवड्यापासून पडते. मी बोललो नाही, ही माझी चूक. घेण्याआधी विचारायला पाहिजे होतं."

मग पंढरीनाथजी म्हणाले, "बरं, ते नंतर बघू. सुरभीला रिक्षात बसवून द्या."

लक्ष्मीकांतांनी सुरभीकडे पाहिलं. सासऱ्यांचा फोन आहे हे तिला कळलं होतं. तिने तोंड पुसलं, केस नीट केले, डबा आणि पिशवी उचलली आणि चेहऱ्यावर काहीतरी चढवलं. रविवारचा आवाज या चेहऱ्यातून येत असणार, हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

"सुरभी आज येत नाही," ते म्हणाले.

"मग उद्या सकाळी?"

"उद्याचं तिला विचारून सांगतो."

"लक्ष्मीकांतजी, हे बरं दिसत नाही."

"नाही दिसत," लक्ष्मीकांत म्हणाले आणि फोन बंद केला.

जयेश बाइकवरून आला तेव्हा त्यांनी त्याच्या हातात चावी ठेवली. ब्लाउजची पिशवी सुरभीकडून घेऊन मागच्या सीटवर ठेवली.

"टो करके तुकोगंज पहुँचा दे. मुजुमदारजी के बंगले के सामने."

"ठीक करके, अंकल?"

"जैसी है वैसी."

ऑटोवाल्याने सेल्फ मारला. "कहाँ छोड़ दूँ?" त्याने विचारलं. लक्ष्मीकांतांनी सुरभीकडे बघितलं आणि ते थांबले. मागून हॉर्न वाजायला लागले.

"रामबाग, भिया," ती म्हणाली.

ऑटो गर्दीतून वाट काढत निघाली. तिला दारं नव्हती, दोन्ही बाजूंनी गरम वारा लागत होता. सुरभीने मांडीवरच्या डब्याचं झाकण उघडलं आणि एक अनारसा उचलला.

"अगं, ते हृषीकेशचं वाण..." लक्ष्मीकांतांच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

सुरभीने अनारशाचा मोठा तुकडा तोडला. खसखस तिच्या ओढणीवर सांडली. दुपारी पाटावर जेमतेम थोडंसं जेवलेली मुलगी भुकेल्यासारखी खात होती, आणि लक्ष्मीकांत बघत होते. तिचा एक संपला, दुसरा संपला. मग त्यांनी विचारलं, दर रविवारी विचारायचे तेच, पण आता ऐकायला मध्ये कोणी नव्हतं.

"कशी आहेस गं?"

"बरी नाहीये, बाबा," सुरभी म्हणाली, आणि डबा त्यांच्यापुढे धरला.